मौजे शिसवली, तारा क्रमांक एक्केचाळीस

"करंजखोंडात गहू कुठनं आला?" देवजी पष्टे यांनी विचारलं आणि हातातला कागद वाचनालयाच्या टेबलावर असा ठेवला की टेबलाचा मोडका पाय एकदा डुलून परत उभा राहिला. "माजा जलम करंजखोंडात गेला. नागली व्हायची, वरी व्हायची, खालच्या खाचरात भात. गहू आमी लग्नात बघितला. तोबी पुरीत."

कमळाकर वेखंडे यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, त्यावर आवक क्रमांक घातला आणि देवजींना पोच दिली. मग शांतपणे सांगितलं की, खेळात त्या ग्रहावर धान्य पिकतं एवढंच दाखवलं होतं, कुठलं ते दिलेलं नव्हतं. गहू ही आपली चूक. हरकत मान्य आहे, पुढच्या भागात दुरुस्ती होईल.

"नागली लिवा."

"नागली लिहितो."

"आन् वरी."

"वरीचा उल्लेख हरकतीत नाही," कमळाकर म्हणाले. "त्याला वेगळा अर्ज लागेल."

देवजींनी तिथेच बसून वेगळा अर्ज लिहिला.

हे सगळं किन्हवलीच्या वाचनालयाच्या ओसरीवर, दोन हजार चार सालच्या जानेवारीत, भर दुपारी चाललं होतं. ज्या करंजखोंडाबद्दल बोलणं चाललं होतं ते गाव त्या वेळी दोन ठिकाणी होतं. एक, धरणाच्या पाण्याखाली, तीस वर्षांपासून. आणि दुसरं, आकाशात, एका पिवळसर ताऱ्याभोवती, गेल्या श्रावणापासून.

याची सुरुवात सरकारने केली. सरकारी नोकराला संगणक आलाच पाहिजे, परीक्षा दिली नाही तर वेतनवाढ नाही, असा आदेश निघाला तेव्हा कमळाकर बावन्न वर्षांचे होते. शहापूरच्या एका कचेरीत ते जुन्या कागदांच्या खोलीत कारकून होते. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं फळीवरून काढायची, मागणाऱ्याला दाखवायची आणि परत त्याच गाठीने बांधून ठेवायची, हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षांत त्यांनी गाठ बदलली नव्हती. संगणकाचा क्लास शहापुरातही होता, पण तिथे शेजारच्या यंत्रावर साहेब बसलेले असत, आणि साहेबांना जे येत नाही ते आपल्याला त्यांच्यादेखत येणं बरं दिसलं नसतं. म्हणून कमळाकर दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने किन्हवलीहून सरळगाव आणि तिथून मुरबाड असे जाऊ लागले.

मुरबाडला सुरेंद्र नावाच्या पस्तिशीतल्या गृहस्थाचा क्लास पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली दळण पडायचं, वर संगणक थरथरायचे. जिना चढून येईपर्यंत विद्यार्थी भुवयांपर्यंत पांढरा होत असे. सुरेंद्रने सगळ्यांना हात बसावा म्हणून पत्त्यांचा डाव लावून दिला. चार नंबरच्या यंत्रात पत्ते नव्हते. त्यात आधीच्या कोणीतरी अंतराळाचा एक खेळ भरून ठेवला होता.

"काका, तुमी यावर हात बसवा," सुरेंद्र म्हणाला आणि दुसरीकडे गेला.

पडदा काळा झाला आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके उमटले. कमळाकरांनी ते पीठ समजून रुमालाने पुसले. ते गेले नाहीत. पुन्हा पुसले. मग त्यांतला एक ठिपका रुमालाखालून किंचित लुकलुकला, आणि बावन्न वर्षांचा तो माणूस रुमाल तसाच धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

खेळ समजायला अवघड नव्हता. सुरुवातीला तुमच्याकडे एकच ग्रह असतो, बाकी सगळा काळोख. जहाज बांधायचं, एखाद्या ताऱ्याकडे पाठवायचं, तिथे राहण्याजोगी जागा मिळाली तर माणसं वसवायची. कोपऱ्यात वर्ष बदलण्याचं एक बटण. ते दाबलं की एक वर्ष सरतं आणि सगळी जहाजं थोडी थोडी पुढे जातात. ते दाबलं नाही तर काहीही होत नाही. सगळं आहे तिथे थांबून तुमची वाट बघतं. काळोखात दुसरी राज्यंही असतात, तीही असंच करत असतात, आणि कधीतरी ती तुमच्या दारात येतात.

कमळाकरांची समजूत झाली की हा सरकारी अभ्यासक्रमाचा पहिला धडा. त्यांनी वही घातली. दर रविवारी काय काय झालं ते वर्षवार लिहून ठेवू लागले. परीक्षेत ग्रहांवर एकही प्रश्न आला नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं; टक्के एकसष्ट मिळाले. परीक्षा झाली तरी त्यांचे रविवार थांबले नाहीत. चार नंबरच्या यंत्राचा पंखा कण्हायचा, तिथे दुसरं कोणी बसत नसे, आणि सुरेंद्रलाही कोणीतरी इतक्या निष्ठेने येतं याचं बरं वाटे.

नावांचं मात्र असं झालं. नवा ग्रह वसवला की खेळ एक चौकोन उघडून नाव विचारायचा. रकाना रिकामा सोडणं कमळाकरांच्या रक्तात नव्हतं. पण चालू गावाचं नावही देता येईना. एकाच नावाची दोन गावं झाली की पुढे कागदपत्रांत काय घोटाळे होतात ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? मग त्यांना खोलीतली सगळ्यात वरची फळी आठवली. धरणात गेलेल्या गावांची दप्तरं तिथे होती. ती कोणी मागायला येत नसे. फडक्यांचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता, गाठी तेवढ्या घट्ट. ही नावं मोकळी होती. कमळाकरांनी पहिल्या ग्रहाला करंजखोंड म्हटलं, दुसऱ्याला बिबळपाडा, आणि एक्केचाळीस नंबरच्या निळसर ताऱ्याजवळच्या ग्रहाला शिसवली. माणसं वसवायची म्हणून जुन्या दप्तरांतल्या खातेदारांची नावं आठवतील तशी त्या त्या गावात लिहून टाकली.

लिहिल्यावर ते प्रसिद्ध करणं आलं. जमिनीची नोंद झाली की चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवस हरकतींची वाट पाहतात, त्याशिवाय नोंद पक्की होत नाही. कमळाकरांना याहून वेगळी लिहिण्याची पद्धत ठाऊकच नव्हती. किन्हवलीच्या वाचनालयाचा फळा एस.टी. स्टँडकडे तोंड करून होता आणि त्यावर चार वर्षं 'पुस्तके वेळेत परत करावीत' एवढंच होतं. वाचनालयाचे चिटणीस जयराम विशे, निवृत्त मास्तर, यांनी जागा दिली. दर पंधरवड्याला एक फुलस्केप कागद लागू लागला.

"मौजे शिसवली. तारा क्रमांक ४१. सन १०२ पासून वसाहत. क्षेत्राची मोजणी बाकी. चतुःसीमा : पूर्वेस काळोख, पश्चिमेस काळोख, दक्षिणेस एक धूमकेतू (नियमित नाही), उत्तरेस सरकारी काळोख. येथे दोन चंद्र असून दोन्ही नापीक आहेत. सदर मजकुरावर कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे."

जयराम मास्तरांना हे वाचून राहवलं नाही. त्यांनी कमळाकरांना बाजूला घेऊन समजावलं की, बाबा रे, गोष्ट आहे ही; चंद्र दोन दोन आणलेस तर थोडं चांदणं तरी पडू दे. कमळाकरांनी सूचना नोंदवून घेतली. पुढच्या भागात एक ओळ वाढली : "सन १०३. चांदणे पडले."

धरणातली माणसं किन्हवलीच्या बाजूला नव्या गावठाणात राहत होती. त्या गावठाणाला नाव नव्हतं, नंबर होता. बाजाराला आलेल्यांपैकी कोणीतरी एस.टी.ची वाट बघता बघता फळा वाचला आणि आपल्या मेलेल्या आज्याचं नाव एका ताऱ्यावर बघून त्याची एस.टी. चुकली. पुढच्या बाजारी ओसरीवर वीस माणसं होती. प्रत्येकाची काही ना काही हरकत होती. बिबळपाड्यात देऊळ वरच्या अंगाला दाखवलं होतं, ते खालच्या अंगाला पाहिजे. करंजखोंडाच्या वाटेवर मोहाची सात झाडं, पाच नव्हे. काळूराम पष्टे आणि त्याचा भाऊ तीस वर्षं बोलत नव्हते आणि तिथे त्यांची घरं शेजारी दाखवली होती. कमळाकर प्रत्येकाला पोच देत. झाडं वाढवली, देऊळ खाली आणलं. भावांची घरं मात्र दप्तरात होती तशीच ठेवली, आणि खाली लिहिलं की भांडण गाव पाण्याखाली जाण्याआधीचं नाही, नंतरचं आहे.

हळूहळू त्या कागदांतली भाषा ओली होऊ लागली. कमळाकरांना ते कळलं नसावं, नाहीतर त्यांनी दुरुस्ती केली असती. माघात लागलेल्या भागात असं होतं : "सन १२६. करंजखोंडची गुरे सांजेला परत येताना खुरांनी धूळ उडाली, ती कड्यासारखी गावाभोवती राहिली. खाली बसायची तिला घाई नव्हती." जयराम मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि सायकल काढून घरी गेले.

घरी देवकीबाईंना या सगळ्यात एकाच गोष्टीची चौकशी असे. सन त्र्याऐंशीत कमळाकरांनी एक एकटं जहाज पडद्याच्या पार कोपऱ्यातल्या ताऱ्याकडे सोडलं होतं. लढायला नव्हे, नुसतं तिथे काय आहे ते बघायला. खेळाने नाव विचारलं, तेव्हा त्यांनी बायकोचं नाव घातलं. देवकीबाई आयुष्यात कल्याणच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. रविवारी नवरा परत आला की त्या वालाच्या शेंगा सोलता सोलता विचारत, "कुठवर आली मी?" आणि कमळाकर बोटाच्या पेरावर दाखवत : एवढी राहिली.

फाल्गुनात लाल जहाजं आली. पलीकडच्या राज्याचं नाव इंग्रजीत आणि लांबलचक होतं, म्हणून कमळाकर त्यांना आपल्या लिखाणात 'प्रतिवादी' म्हणत. प्रतिवादींची सात जहाजं एका रविवारी शिसवलीच्या अंगणात येऊन उभी राहिली. कमळाकरांकडे तिथे एकही नव्हतं. त्यांनी सगळा पैका शेतीला घातला होता. सुरेंद्रने मागे उभं राहून हिशोब सांगितला : वर्ष बदलाचं बटण एकदा दाबलं की शिसवली गेली. आधी माणसं उचलून दुसऱ्या ग्रहावर नेली तर माणसं वाचतील, गाव जाईल.

"असंच करतात सगळे," सुरेंद्र म्हणाला. "छोटा ग्रह हाय, सोडून द्या. पुढं मोठं राज्य मिळंल."

कमळाकरांनी त्या दिवशी बटण दाबलं नाही. घरी येऊन रीतसर कागद केला आणि फळ्यावर लावला : मौजे शिसवली येथील लोकांना करंजखोंड येथे हलवावे असा प्रस्ताव असून, हरकती असल्यास पंधरा दिवसांचे आत.

हरकती एक्केचाळीस आल्या. एकट्या देवजींच्या तीन. शिसवलीची माणसं आमच्या करंजखोंडात आली तर पाणी कुठून पुरवणार, अशी त्यांची पहिली हरकत होती. बाजाराच्या दिवशी दुपारी ओसरीवर सुनावणी ठेवली. जयराम मास्तरांनी घडवंची बाहेर काढली. माणसं पायऱ्यांवर, सायकलींवर, स्टँडच्या कठड्यावर बसली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, मग तोही उतरून आला.

बाईजा शेवटी आली. गावठाणाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती, तिथली ती. सत्तरीची असेल. बाजारात पळसाच्या पानांचे गठ्ठे विकायला बसे. वाचता येत नसल्यामुळे तिला सगळं जरा उशिरा कळलं होतं. तिने पानांची टोपली पायरीवर ठेवली आणि कमळाकरांसमोर उभी राहिली.

"तुजी शिसवली उठवतोस म्हनं."

"प्रस्ताव आहे, बाईजाबाय. निर्णय नाही झालेला."

"तवाबी असंच म्हनले व्हते."

कमळाकरांनी लेखणी उचलली आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, तुमचा शिसवलीशी संबंध काय. ती म्हणाली, घर होतं. शिसवलीचं दप्तर कमळाकरांना पाठ होतं. त्यात अडतीस घरं होती आणि बाईजाचं नव्हतं.

देवजी हळूच म्हणाले, "ती घरं पाटलाच्या जागेत व्हती. कागदावर नव्हतीच. म्हणून तर यांना बदल्यात काय मिळालं नाय."

"कागदावर नव्हतो म्हनून पाणी काय आमाला सोडून गेलं का, देवजी?" बाईजाने विचारलं. रागाने नव्हे, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं.

देवजींनी आपल्या तीन हरकती घडी घालून खिशात ठेवल्या.

कमळाकरांचा आवाज जरा खाली आला. पुरावा काही आहे का, असं त्यांना विचारावं लागलं. तिला पुरावा म्हणजे काय ते कळलं नाही. मग त्यांनी वेगळं विचारलं : घर कुठे होतं ते सांगता येईल का.

बाईजाने क्षणभर डोळे मिटले. मग स्टँडकडे पाठ करून अशी उभी राहिली, जणू उंबऱ्यातच उभी आहे. "दार उगवतीला. दाराम्होरं पाटलाचं खळं. मागं मावळतीला उंबर, त्याच्या बुडाशी आमचं प्यायचं पाणी. उजव्या हाताला व्हाळ. डाव्या हाताला काय नाय, डोंगूर." तिने डोळे उघडले. "पाणी चडत व्हतं तवा मी दारात बसून बगत व्हते. रोज एक पायरी. कोन थांब म्हनाला नाय त्याला. एकदा उठले मी. आता नाय उठत."

कमळाकरांची लेखणी बोलण्याबरोबर चालली होती. खाली पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कागदावर पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चारी बाजू ओळीने, एकही न चुकता उतरल्या आहेत. एकोणतीस वर्षांत एकाही शिकलेल्या खातेदाराला हे एका दमात जमलं नव्हतं.

त्यांनी तिचा अंगठा घेतला. शाई पुसायला आपला रुमाल दिला. मग उभं राहून, कचेरीत साहेब वाचतात तसं वाचलं : हरकत दाखल करून घेण्यात येत आहे. निर्णय होईपर्यंत जैसे थे.

"म्हंजे?" बाईजाने विचारलं.

"म्हणजे जो जिथे आहे तो तिथेच राहील," जयराम मास्तर म्हणाले. "कोणी हलायचं नाही."

"पाणीबी?"

मास्तरांनी कमळाकरांकडे पाहिलं. "पाणीसुद्धा," कमळाकर म्हणाले.

"किती दिस?"

"तारीख पडेल."

तारीख पडेल हे दोन शब्द ऐकून या तालुक्यातली तीन पिढ्यांची माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर म्हातारी झाली आहेत. ते ऐकून एखादं माणूस निवांत झालेलं किन्हवलीने प्रथमच पाहिलं. बाईजा पायरीवर टेकली, कमरेची चंची सोडली आणि तंबाखू मळू लागली. कंडक्टर पळत जाऊन गाडीत चढला.

दोन दिवसांनी कमळाकरांनी किरकोळ रजा टाकली आणि धरणावर स्थळपाहणीला गेले. खर्डीला उतरून रिक्षा केली, मग रिक्षा थांबली तिथून चालत. उन्हं तापू लागली होती, पाणी बरंच खाली गेलं होतं. डोंगराच्या उतारावर एका कातळावर ते बसले. समोर पाणी इतकं स्तब्ध होतं की आकाश वर आहे का खाली हे ठरवायला जरा वेळ लागे. काठापासून दूर, पाण्यातून एक काळा वाळका बुंधा बोटभर वर आला होता. त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. पाण्याखाली तिथे पायऱ्या असतील, दार उगवतीला असेल. कमळाकरांना वाटलं, पडद्यावरचा काळोखही असाच असतो. नुसता बघितला तर रिकामा, नाव ठाऊक असेल तर भरलेला. त्यांनी वही उघडून लिहिलं : पश्चिमेस उंबर. आढळला. मग डबा उघडला, भाकरी खाल्ली, आणि जाताना, का कोणास ठाऊक, एक तुकडा पाण्यात सोडला.

रविवारी ते मुरबाडला गेले. चार नंबरचं यंत्र कण्हत सुरू झालं. सात लाल जहाजं शिसवलीच्या अंगणात तशीच उभी होती. कोपऱ्यात वर्ष बदलाचं बटण मंद उजळत होतं. आणि पार दुसऱ्या टोकाला, एका फिक्या, जवळजवळ पांढऱ्या ताऱ्याच्या अलीकडे, देवकी. ती पोचायला दोनच वर्षं उरली होती. दोनदा बोट दाबायचं. अठ्ठावन्न वर्षं चाललेलं जहाज.

सुरेंद्रला त्यांचा चेहरा बघवेना. त्याने सांगितलं की यात एक सोय आहे. खेळ मध्ये मध्ये आपोआप जपून ठेवलेला असतो. मागच्या एखाद्या वर्षावर परत जायचं, चार जहाजं बांधून शिसवलीला ठेवायची आणि तिथून पुढे खेळायचं. लाल जहाजं येतील तेव्हा आपण तयार. "कोणाला कळनार बी नाय, काका."

कमळाकरांनी मान हलवली. "नोंद खोडता येत नाही, सुरेंद्र. दुरुस्ती करता येते, पण तिच्यावर आजची तारीख पडते. मागे जाऊन कोणी लिहीत नाही."

"मग बटन दाबा."

"जैसे थे आहे."

"अहो, पर किती दिवस?"

त्या दिवशी कमळाकरांनी फक्त एक काम केलं. वहीत, सन एकशे एक्केचाळीसच्या पानावर, अडतीस घरांच्या खाली एकोणचाळिसावं लिहिलं. मग हात मांडीवर ठेवून गिरणी बंद होईपर्यंत पडद्याकडे बघत बसले. खालून पीठ वर येत होतं आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होतं, आणि काचेवरचे तारे कुठले आणि बाहेरचे कुठले हे थोड्या वेळाने सांगता येईनासं झालं.

घरी आल्यावर देवकीबाईंनी शेंगांची परात पुढ्यात ओढली. "कुठवर आली मी?"

"दोन वर्षं ऱ्हायली."

"म्हणजे पुढच्या आयतवारी पोचंन."

"नाय," कमळाकर म्हणाले. मग त्यांनी बाईजाचं सांगितलं, उंबराचं सांगितलं, बटणाचं सांगितलं. वर्ष बदललं तर देवकी पोचते आणि शिसवली जाते. थांबवलं तर दोन्ही आहेत तिथेच. असं नाही करता येत की एक थांबेल आणि एक चालेल.

देवकीबाईंनी दोन-चार शेंगा सोलल्या. "तिकडं काय हाय ते तुमालाबी नाय कळनार मग."

"नाय कळनार."

"जहाजात बसायला जागा हाय ना?"

"हाय."

"खिडकी?"

कमळाकरांनी विचार केला. पडद्यावर ते जहाज तांदळाच्या दाण्याएवढं होतं. "हाय," ते म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे," देवकीबाई म्हणाल्या. "मला काय घाई नाय."

शेवटचा कागद चैत्रात लागला. त्यात शिसवलीची एकोणचाळीस घरं, एकोणचाळिसाव्याच्या चारी बाजू, डावीकडे बाईजाचा अंगठा, आणि खाली : निर्णय प्रलंबित. बाईजा दर बाजारी टोपली उतरवायच्या आधी फळ्यापाशी जाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण अंगठा ओळखता येई. त्यावर बोट टेकवून मग ती पानं विकायला बसे.

त्यानंतर पंधरवड्याचा कागद बंद झाला. देवजी काही महिने जुन्या भागांवर हरकती देत राहिले. कमळाकर पोच देत राहिले. दोन वर्षांनी सुरेंद्रने नवी यंत्रं घेतली. जुन्या चार नंबरमधली, सगळा खेळ जपून ठेवणारी लोखंडी डबी त्याने काढून कमळाकरांच्या हातात दिली. पानाच्या डब्याएवढी होती. कमळाकरांनी ती कचेरीत नेली नाही, ते नियमात बसलं नसतं. लाल फडक्यात घातली, नेहमीची गाठ मारली आणि वाचनालयाच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

फळ्यावरचा कागद पिवळा पडला तरी कोणी काढला नाही. नव्या नोटिसा त्याच्या कडेकडेने लागत गेल्या. दोन हजार नऊ सालापर्यंत त्याच्या पूर्वेस एस.टी.चं वेळापत्रक, पश्चिमेस लसीकरण, दक्षिणेस हरवलेली म्हैस, आणि उत्तरेस 'पुस्तके वेळेत परत करावीत' असं झालं होतं.

त्याच वर्षी कमळाकर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी, कार्तिकात, बाईजा गेली. तिचा म्हादू वीटभट्टीवरून आला, दिवस केले, आणि भट्टीवर परत जायच्या आधी वाचनालयात आला. पन्नाशीचा माणूस. कमळाकर पेपर वाचत होते. म्हादूने खिशातून कागद काढला. कोणाकडून तरी लिहून घेतला होता.

"आईच्या नावावर घर हाय ना," तो म्हणाला. "शिसवलीचं. माजं नाव लावायचं व्हतं."

जयराम मास्तर काहीतरी समजावून सांगायला पुढे झाले. कमळाकरांनी हात वर केला. अर्ज दोनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक घातला, म्हादूला पोच दिली. मग कपाटातून जुनी वही काढली, कोरा फुलस्केप घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : मौजे शिसवली, तारा क्रमांक ४१, घर क्रमांक ३९. मूळ धारक मयत. वारस मुलगा म्हादू याचे नाव दाखल करण्याचा अर्ज प्राप्त. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे.

नोटीस लागली. बाजाराचे दोन दिवस येऊन गेले. सगळ्यांनी वाचली. देवजी रोज काठी टेकत यायचे, फळ्यापुढे उभे राहायचे आणि परत जायचे. ते काय शोधत होते कोणास ठाऊक. चौदाव्या दिवशी त्यांनी मास्तरांना एवढंच सांगितलं की चारी बाजू बरोबर आहेत.

सोळाव्या दिवशी म्हादू आला. कमळाकरांनी वहीत पाहिलं, आवक पाहिली, आणि अर्जाच्या समासात लिहिलं : मुदतीत एकही हरकत नाही. नोंद मंजूर. खाली सही आणि आजची तारीख.

म्हादूने कागदाची बारीक घडी केली, सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. स्टँडवर गाडी लागली होती. भट्टीला जाणाऱ्या माणसांत तो चढला, आणि बसायला जागा असूनही, गाडी वळणाआड जाईपर्यंत दांड्याला धरून उभा दिसला. एक हात वर, एक खिशावर.